नणंदेची चाल, भावजयीचं मांजर

नणंद आणि भावजय एका स्वयंपाकघरात सुखाने नांदतात का, यावर आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. त्या दोघी एका नखाएवढ्या चिपमध्ये सुखाने नांदतात का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. काटेवालीच्या घरात तो प्रश्न आला आणि चांगला मुक्काम ठोकून राहिला.

काटेवाली म्हणजे दुकानांतले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करणारी. बाजारामागच्या गल्लीत, एका दुरुस्तीच्या दुकानात, खिडकीकडे तोंड करून तिचं टेबल होतं. कुणाच्या काट्यात पीठ गेलेलं असायचं, कुणाच्या काट्यात झुरळांनी संसार थाटलेला असायचा, आणि एखादा काटा नुसताच मालकाच्या सोयीने खोटं बोलायचा. काटेवाली तो उघडायची, ब्रशने झाडायची, सोल्डरिंगच्या गरम टोकाने सुटलेल्या तारा पुन्हा जोडायची, आणि मग खात्रीची वजनं ठेवून त्याला खरं बोलायला लावायची. काही काटे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले असत. ते भंगारात जायच्या आधी ती मालकाला विचारून एखादा घरी न्यायची.

घरी त्या काट्याच्या पोटात ती दुसरंच बिऱ्हाड बसवायची. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणारा अख्खा कॉम्प्युटर, पण परिस्थितीने अगदी गरीब. बटण दाबल्यावर काटा ज्यातून 'पीं' करतो तो छोटा स्पीकर. आणि वजनाचे आकडे दिसायचे तिथे लाल दिव्यांची जाळी. चिपमध्ये ती स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम भरायची, की काटा दिव्यांचं हलतं चित्र दाखवत गाणं म्हणायला लागायचा. रेकॉर्ड केलेलं त्यात काही नसायचं. सूर तिथल्या तिथे हिशेब करून तयार व्हायचा, टूं-टूं, जुन्या व्हिडिओ गेमसारखा. अशा संगीताला चिपट्यून म्हणतात आणि अशा छोट्याशा खेळाला डेमो. उपयोग विचाराल तर काडीचा नाही. "एवढ्याशा जागेत एवढं बसवलं कसं?" असं चार जाणकारांनी म्हणावं, एवढ्यासाठी माणसं यात डोळे फोडून घेतात आणि त्याच्या स्पर्धाही भरवतात.

काटेवालीच्या डेमोंमध्ये चित्रं सुरेख असायची. गाण्याचं मात्र अवघड होतं. तिला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा नवरा शहरात बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिला कान दिलेत ते चष्मा अडकवायला." तिचं गाणं सुरू झालं की त्याला बस मागे घेतल्यासारखं वाटायचं आणि तो सवयीने मान वळवून बघायचा.

आणि ज्यांना सुरातलं सगळं कळत होतं त्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळ्यांच्या ताई. शाळेत संगीत शिकवायच्या. कान असा तयार, की जिन्यातला दिवा गुणगुणला तरी तो कोणत्या सुरात गुणगुणतोय आणि किती उतरलाय ते सांगतील. पण ताई वाजवत नव्हत्या. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात त्या पियानोसमोर बसल्या आणि त्यांचे हात मांडीवरून उठलेच नाहीत. बोटं बर्फासारखी झाली. लोक वाट बघत राहिले, कुणीतरी खोकलं, पहिल्या रांगेतल्या पोरी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. ताईंनी पियानोचं झाकण लावलं आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी माणसांपुढे एक सूर वाजवला नव्हता. वर्गात त्या हात पाठीमागे बांधून शिकवायच्या. घरातल्या पियानोवर आधी कापड आलं, मग कापडावर कुंड्या आल्या. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, "माझं वाजवून झालं," आणि ते अशा आवाजात म्हणायच्या की समोरच्याने निमूटपणे हवापाण्यावर बोलावं.

त्या कुंड्या काटेवालीच्या डोळ्यांत खुपायच्या. तिचं ताईंवर प्रेम होतं. तोंडावर तिने ते कधी सांगितलं नसतं, पण होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा वरच्या मजल्यावरून रोज संध्याकाळी पियानो ऐकू यायचा. त्यातलं काही कळत नसूनही तिला त्या आवाजात भाजी चिरायला आवडायचं. आता भाजी चिरताना नुसती सुरी ऐकू यायची.

एका रविवारी ताई तणतणत खाली आल्या.

"काय गं हे? कुणाच्या जिवावर उठलीयस?"

"ताई, गाणं आहे."

"गाणं आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"मग तुम्ही द्या ना चाल करून."

"मी वाजवत नाही."

"वाजवायला सांगतंय कोण? सूर तुम्ही सांगायचे, आकड्यांत मी लिहायचे, वाजवणार काटा. स्पर्धेच्या दिवशी तुम्ही सभागृहात शेवटच्या रांगेत बसा. नाहीतर घरीच बसा."

ताईंनी काट्याकडे पाहिलं. काट्याने पुन्हा तेच बेसूर सुरू केलं. ते बंद व्हावं म्हणून की काय, ताई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी हे थांबव. मग बोलू."

अशी ती भागीदारी सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात भांडण. चिपमध्ये जागा इतकी थोडी की भाड्याच्या खोलीतली एकच फळी म्हणा. तिच्यावर भावजयीचं मांजरही मावायचं होतं आणि नणंदेची चालही. मांजर म्हणजे लाल दिव्यांचं. ते एका जिन्याच्या पायऱ्या चढायचं, घसरून पडायचं, पुन्हा चढायचं, आणि शेवटी खिडकीत उडी मारून बसायचं. एक सूर, एक पायरी.

"तुझ्या मांजराची शेपटी काप. मला तिथे आणखी सूर हवेत."

"शेपटी कापली तर लोकांना ते मांजर वाटेल का? उंदीर वाटेल."

"वाटू दे. उंदीर काय जिने चढत नाहीत?"

नवरा या दोघींच्या मध्ये पडत नव्हता. "मला उद्या बस चालवायचीय," एवढं बोलून तो ताट घेऊन बाल्कनीत जायचा.

पण चाल मात्र बनत गेली. एका बोटाने, चष्मा नाकावर ओढून, ताई कॉम्प्युटरवर आकडे घालायच्या आणि काटा वाजवायचा. साधीच चाल, पण ऐकणाऱ्याने पुढचा सूर काय येणार याची वाट बघावी अशी. काटेवालीलासुद्धा ती आवडली, म्हणजे बघा. ताईंचं समाधान मात्र होत नव्हतं. त्यांच्या दोन तक्रारी होत्या आणि त्या त्यांनी इतक्या वेळा सांगितल्या होत्या की बाल्कनीतल्या माणसालाही पाठ झाल्या.

पहिली तक्रार, काटा श्वास घेत नाही. "ओळ संपली की माणूस जरा रेंगाळतो गं. हा मेला रेंगाळत नाही, थांबत नाही, नुसता सुटलेला असतो."

"रेंगाळायला जागा उरली नाही, ताई. रेंगाळायचं असेल तर मांजर घालवावं लागेल."

"घालव."

"नाही."

दुसरी तक्रार, सूर उतरतो. यात ताईंचं अगदी बरोबर होतं. प्रत्येक चिपला काम करायला ठोके लागतात, एकसारखे, घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा कितीतरी जलद. ते ठोके या चिपमध्ये आतच तयार व्हायचे. पण आतली ही टिकटिक हवेच्या उष्णतेने जरा इकडेतिकडे व्हायची आणि तिच्याबरोबर सगळी चाल खालीवर सरकायची. काटेवालीला फरक कळत नव्हता. ताई मात्र कपाळाला आठ्या घालून बसायच्या.

यावर उपाय होता. क्रिस्टल नावाचा एक धातूच्या डबीसारखा बारीक भाग मिळतो, तो चिपच्या पायांशी जोडला की ठोके पक्के होतात. काटेवालीने ठरवलं, ताईंना न सांगता हा बसवायचा. भर सभागृहात चाल अगदी बरोबर सुरात लागेल, शेवटच्या रांगेत ताईंच्या कपाळावरच्या आठ्या जातील, आणि आपण ते मंचावरून बघू. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, एका वाण्याच्या काट्याशेजारी ठेवून तिने क्रिस्टल जोडून टाकला. आता चिपला फक्त सांगायचं राहिलं होतं की बाई, यापुढे ठोके आतून घेऊ नकोस.

तेच तिने स्पर्धेच्या दिवशी, सभागृहात पोचल्यावर केलं. आणि तिथेच घोटाळा झाला.

वर्षातून एकदा अशी घरी मशीनं बनवणारी मंडळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जमायची. दातांच्या एक डॉक्टरीणबाई हे सगळं हौसेने भरवायच्या. त्यांचा नियम कडक होता. दुपारी प्रत्येकाने आपली चिप टेबलावर आणायची, डॉक्टरीणबाई तिच्यावर चिकटपट्टीचा शिक्का लावणार, आणि शिक्का लागल्यावर चिपच्या आतलं एक अक्षर बदलायचं नाही. नाहीतर लोक मंचावर जाईपर्यंत खुडबुडत राहतात, असा त्यांचा अनुभव होता.

काटेवालीने कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. ठोके कुठून घ्यायचे याची यादी पडद्यावर आली. त्यातली ओळ निवडली, चिपला पाठवली. पडद्यावर 'झालं' असं आलं. एकावर भरवसा कशाला, म्हणून बरोबर आणलेल्या दुसऱ्या चिपलाही तेच सांगितलं. तिथेही 'झालं' आलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि दोन्ही चिपांवर शिक्के बसले. वाजवून बघायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर वाजवून बघितलं असतं तर ताईंनी ऐकलं असतं आणि गंमत गेली असती.

मग तालमीची पाळी आली. लोक अजून यायचे होते, खुर्च्या रिकाम्या होत्या. काटेवालीने काटा मंचावरच्या टेबलावर ठेवला आणि वीज सुरू केली.

काटा गप्प. दिवे काळे. मांजर नाही, जिना नाही, काही नाही.

तिने दुसरी चिप बसवली. तीही तशीच. तारा हलवून बघितल्या, काट्याला दोन चापट्या मारून बघितल्या, घरच्या मिक्सरला मारतात तशा. शेवटी लॅपटॉप उघडून ती यादी पुन्हा बघितली. यादीत एकाखाली एक दोन ओळी होत्या. एक म्हणत होती, 'ठोके क्रिस्टलमधून'. दुसरी म्हणत होती, 'ठोके बाहेरून, तारेने'. घाईत तिने खालची निवडली होती. आता चिप बाहेरून कुणीतरी तयार ठोके आणून देईल म्हणून वाट बघत बसली होती, आणि एकटा क्रिस्टल काही ते देऊ शकत नव्हता. एका चिपवर ही चूक करणारे पुष्कळ असतात. पण तीच चूक जपून, काळजीपूर्वक, राखीव चिपवरसुद्धा करायला काटेवालीच हवी. आणि दोन्हींवर शिक्के.

ती ताईंपाशी गेली. ताई शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"ताई, माझ्या हातून माती झाली. वाजत नाहीये. तुमचा सूर नीट लागावा म्हणून करायला गेले आणि..." तिचे डोळेच भरले.

ताई रागावतील असं तिला वाटलं होतं. पण ताईंचे खांदे खाली आले आणि पर्सवरची बोटं सैल झाली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "चला, घरी जाऊ."

काटेवाली बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ही बाई सकाळपासून घाबरलेली आहे. वाजवणार काटा, आणि तरी ही घाबरलेली. आज घरी गेलो तर ही परत कधी चाल करणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. कुंड्यांवर आणखी कुंड्या येतील.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि मंचाकडे पळाली.

मंचाच्या कडेला पोस्टमन आपलं मशीन पुसत होता. हा खरोखरच पोस्टमन होता, आणि गेली काही वर्षं पहिलं बक्षीस त्याच्याच घरी जायचं. त्याच्या सामानात एक लाकडी पेटी होती, वर मोठी चावी. चावी फिरवली की पाहिजे त्या वेगाने ठोके देणारी. घरी रेडिओ तपासायला त्याने ती केली होती.

"ही मला देता का? माझ्या चिपला बाहेरून ठोके हवेत."

पोस्टमनने तिचा काटा बघितला, शिक्का बघितला, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. "खालची ओळ निवडली का?"

"हो."

"मी पण निवडली होती एकदा."

"मग राखीव चिप वापरली असेल तुम्ही."

"अर्थात. तुम्ही का नाही वापरत?"

काटेवालीने राखीव चिपही शिक्क्यासकट त्याच्यापुढे धरली. पोस्टमन आधी गोंधळला, मग इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. पण पेटी दिली. "एक सांगतो, हिचा स्वभाव चंचल आहे. तापली की घसरायला लागते. एका जागी राहील याची हमी नाही."

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चिपच्या आत काही बदलत नाही ना? मग बाहेरून तार लावा, माझी हरकत नाही. पण वीज सुरू झाली की हात खिशात. मशीनने आपलं आपण करायचं. हात लागला की बाद."

काटेवालीने पेटीच्या तारेचा चिमटा क्रिस्टलच्या पायाला लावला आणि चावी फिरवत नेली. काटा जागा झाला. दिव्यांत मांजर उभं राहिलं आणि पहिली पायरी चढलं. तिचा जीव भांड्यात पडला. चावी कुठे थांबवायची एवढंच तिला कळेना, तेव्हा तिने ताईंना लांबूनच विचारलं. ताईंनी शेवटच्या रांगेतून अंगठ्याने "वर, वर, आणखी थोडं, बस" असं दाखवलं. तिथे तिने चावी सोडली, आणि पेटीकडे बघून हात जोडले.

लोक आले, खुर्च्या भरल्या. बसवाला ड्यूटी संपवून गणवेशातच आला आणि बहिणीशेजारी बसला. पोस्टमनचा डेमो झाला. त्याच्या मशीनवर पावसात सायकल चालली होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या. मग काटेवालीचं नाव पुकारलं गेलं.

तिने वीज सुरू केली आणि हात खिशात घातले. चाल सुरू झाली, मांजर निघालं. पहिल्या काही ओळी छान गेल्या. लोक हसले, कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "वजनकाटा आहे बघ." काटेवालीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

आणि मग पेटी तापली. काटेवालीला अर्थातच काही कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की मांजराचे पाय जड झाले आहेत आणि लोकांचे चेहरे कसेनुसे होत चालले आहेत. सूर घसरत होता, झोपेला आलेल्या माणसासारखा. ताईंनी डोळे उघडले होते.

हात लागला की बाद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ताईंची चाल अशी लोकांसमोर रडकुंडीला आलेली तिला बघवेना. बाद तर बाद. तिने खिशातून हात काढला आणि चावी फिरवली. जास्त फिरली. मांजर पिसाळल्यासारखं धावत सुटलं आणि काटा किंचाळला. लोक हसले. तिने चावी मागे घेतली, तर काटा घोरायला लागला. लोक आणखी हसले. आता तिला घाम फुटला. पुढे फिरव, मागे फिरव, कुठे बरोबर आहे हे तिला जन्मात कळलं नसतं, आणि शेवटच्या रांगेतल्या अंगठ्याचा पत्ता नव्हता. बसवाला सवयीने मान वळवून मागे बघत होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

कारण ताई मधल्या वाटेने येत होत्या. पर्स काखेत, चष्मा नाकाच्या टोकावर, वर्गात मागच्या बाकावर कुणी बेसूर गात असलं की निघायच्या तशा. मंचाच्या पायऱ्या त्या चढल्या आणि भावजयीच्या मनगटावर त्यांनी एक चापट मारली.

"सोड! कान किटले माझे!"

काटेवालीने चावी सोडली. ताईंनी धरली.

सूर बरोबर जागेवर यायला एक क्षणसुद्धा लागला नाही. पेटी खाली ओढत होती, ताई तिला तितकंच वर धरत होत्या, न बघता, नुसत्या कानाने. सभागृहातलं हसणं थांबलं. मांजर पुन्हा आपल्या चालीने जिना चढायला लागलं. आता ताईंना जाऊन बसता येणार नव्हतं, पेटी हात सोडू देणारी नव्हतीच. ती बोटं पुन्हा गोठतील की काय, म्हणून काटेवाली त्यांच्याकडे धास्तीने बघत होती. ती बोटं हलत होती.

मग ओळीचा शेवट आला. तिथे ताईंनी चावी किंचित मागे घेतली. चाल रेंगाळली. सूरही जाता जाता जरासा वाकला, आणि वरच्या पायरीवर मांजराने उचललेला पाय हवेतच राहिला. अख्खं सभागृह त्या पायाकडे बघत थांबलं. ताईंनी चावी पुढे नेली, पाय टेकला, पुढची ओळ सुरू झाली. कुणीतरी "वा!" म्हणालं.

ताईंनी भावजयीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी खट्याळ आलं होतं, जे काटेवालीने आजवर फक्त आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलं होतं. पुढच्या ओळीला त्यांनी मांजराला पळवलं. त्याच्या पुढच्या ओळीला दमवलं. मांजर घसरून पडलं तेव्हा त्यांनी सूर असा खाली सोडला की लोक खळखळून हसले, पण आता ते मांजराला हसत होते. ज्या श्वासासाठी दोघी शेपटीवरून भांडल्या होत्या तो श्वास आता ताईंच्या मनगटातून येत होता, आणि शेपटीही शाबूत होती. शेवटच्या उडीच्या आधी ताईंनी काटा इतका हळू केला की एकेक दिवा लागलेला वेगळा दिसावा. मांजर दबकलं, अंग चोरलं. मग चावी फिरली आणि ते खिडकीत जाऊन बसलं.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा काटेवाली रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. पोस्टमन उभा राहून शिट्टी वाजवत होता. टाळ्या ऐकून ताई मात्र भानावर आल्या, आपण कुठे उभ्या आहोत ते त्यांना एकदम दिसलं, आणि त्या घाईघाईने खाली उतरून जागेवर जाऊन बसल्या.

"मुद्दाम केलंस ना? मी उठून यावं म्हणून?" काटेवाली शेजारी येऊन बसल्यावर त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही हो ताई. मला खरंच कळत नव्हतं."

"इतकं कुणाला कळत नाही असं असतं का?"

"असतं," बसवाला म्हणाला. "मी राहतो ना हिच्याबरोबर."

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई माईकपाशी आल्या. पहिलं बक्षीस पोस्टमनला, ते सगळ्यांना माहीतच होतं. मग त्यांनी घसा साफ केला. दात काढावाच लागेल असं पेशंटला सांगताना त्यांचा चेहरा होत असेल तसा झाला होता.

"आता त्या वजनकाट्याबद्दल. सगळ्यांना आवडला, मलाही आवडला. पण आपला नियम आहे की मशीनने आपलं आपण करायचं. इथे मशीनने आपलं आपण केलं नाही. हे वादन झालं. त्यामुळे स्पर्धेतून बाद धरावं लागतंय. माफ करा."

लोकांत कुरकुर झाली. बसवाला "अहो, पण" म्हणत उठायला लागला. काटेवाली मान खाली घालून बसली. वर्षभराची मेहनत आपल्या एका चुकीने गेली, आणि ताई इतक्या वर्षांनी मंचावर आल्या तर त्यांना सगळ्यांसमोर बाद ऐकावं लागलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेजारची खुर्ची करकरली. ताई उभ्या राहिल्या होत्या.

"काय झालं म्हणालात?"

"बाद, बाई. मला खरंच वाईट वाटतंय."

"ते ऐकलं. त्याच्या आधी काय म्हणालात?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "वादन झालं म्हणाले."

"कुणाचं?"

"तुमचं. हात तुमचाच होता ना?"

ताईंनी खाली बघितलं. त्यांचा उजवा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता, सगळ्यांना दिसेल असा, आणि तो थरथरत नव्हता. त्यांनी तो तिथेच राहू दिला.

"जरा मोठ्याने सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्या भावजयीला कमी ऐकू येतं."

डॉक्टरीणबाईंनी माईक तोंडाजवळ नेला आणि अख्ख्या सभागृहाला पुन्हा सांगितलं.